साक्षीचा दगड

"वढू नको पारू, घागर टेकली खाली," रत्नम्मा म्हणाली. पण पारूबाईला स्वतः बघितल्याशिवाय खरं वाटणार नव्हतं. दोर हातावर घेत घेत तिने घागर वर काढली आणि वाकून आत पाहिलं. वाटीभर गढूळ पाणी, बाकी सगळा गाळ.

"काल मानूसभर पानी व्हतं की वं! रातीतून कुठं गेलं?"

मागे उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडचं पाणीच पळालं. उदगीरच्या कडेला असलेल्या मिशनच्या आवारातली ही विहीर कधी आटत नाही, अशी तिची ख्याती. लातूर जिल्हा होऊन अजून वर्षही झालं नव्हतं आणि नव्या जिल्ह्याचा पायगुण असा की पहिल्याच उन्हाळ्यात गावातल्या बाकी सगळ्या विहिरींनी तळ दाखवला. मग मिशनच्या पंचांनी नियम केला. आवारातल्या घरांना आधी, दोन घागरी. बाहेरच्या वस्तीला त्यानंतर, एक घागर. विहिरीवर लोखंडी जाळी बसवून तिला कुलूप घातलं आणि किल्ली दिली रत्नम्माच्या नवऱ्याकडे, आवाराचा पहारेकरी असलेल्या येसप्पाकडे. येसप्पा ती कमरेच्या करदोट्याला बांधून हिंडे आणि ओळखीच्या माणसालाही करड्या आवाजात विचारी, "आतले का बाहेरचे?" जन्मभर त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. आता तो विचारत होता.

आज मात्र तो काहीच विचारत नव्हता. कठड्याला टेकून जमिनीकडे बघत होता.

चर्चचे पाळकसाहेब घाईघाईने आले. रविवारच्या उपासनेचा पांढरा झगा अंगात, हातात बांबू. बांबू त्यांनी विहिरीत सोडला, ओल बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "घागरी मोजून देतो आणि तरी पाणी असं जातं? कुणीतरी जाळी उचकटतंय. उपासना झाली की पंच बसतील. पण माझ्याच्याने आता त्यांना थांबवणं होणार नाही. उद्यापासून बाहेरच्यांना बंद."

"आमी चोर व्हय?" पारूबाई उसळली. "आमच्या घागरीनं पाताळ रिकामं व्हतंय का, साहेब?"

रत्नम्माचं लक्ष त्या दोघांकडे नव्हतंच. ती नवऱ्याच्या धोतराकडे बघत होती. धोतराचा काठ गुडघ्यापर्यंत ओला होता आणि वर तांबडा चिखल वाळत आला होता. घरात तर काल रात्रीपासून आंघोळीलाही पाणी नव्हतं.

खोलीत आल्यावर तिने दार लोटून घेतलं. "पानी कुठं गेलं?"

"मला काय इचारतीस? विहीर मी पिऊन बसलोय का?"

"धोतर वल्लं हाय तुमचं."

येसप्पा खाटेवर बसला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे पहिल्याच फटक्याला तो मोडला. "वीरण्णानं नेलं. गाडीत पिंपं घालून. पहाटं मागच्या फाटकातून."

"कोन वीरण्णा?"

"गुत्तेदार की. नव्या हाफिसाची इमारत बांधून राहिला न्हाई का, त्यो. सिमिटाला पानी लागतंय, पान्याबिगर काम अडलंय तेचं." जरा थांबून तो हळूच म्हणाला, "शमुवेलला लातूरला शिपाई म्हणून लावतो म्हणलाय. तिथं तेचं वजन हाय. मॅट्रिक झालेलं पोरगं खडी फोडून राहिलंय, रत्ना. तेचे हात बघितलीस का तू?"

हात तिने बघितले होते. रोज संध्याकाळी त्या फोडांना तेल लावणारी तीच होती. दुष्काळी कामावरून लेक आला की ती दिवा जवळ घेऊन बसे आणि तो तोंड फिरवून घेई. येसप्पावर ओरडायला तिने तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

"आन पारूच्या वस्तीचं पानी तोडायलेत ते?"

"दोन पाऊस पडू दे, समदं इसरतात लोकं." येसप्पा उठून जवळ आला. "पर एक घोळ झालाय. होस्टेलातल्या सुवार्तानं बघितलंय. पिंप भरायला व्हतो, मागं वळलो तर पोरगी हुबी. काई बोलली न्हाई, गेली. तुझ्या शाळंतली हाय. तुझ्या शब्दाभाईर न्हाई ती. तिला जरा सांग."

"काय सांगू?"

"गप ऱ्हा म्हणून सांग."

तेवढ्यात शाळेची घंटा झाली.

शब्बाथ शाळा म्हणजे दर रविवारी उपासनेआधी कडुनिंबाखाली भरणारा मुलांचा वर्ग. रत्नम्मा आठवडाभर होस्टेलात स्वयंपाक करायची आणि रविवारी इथे शिकवायची. स्वतः चौथीपर्यंत शिकलेली. पण गेल्या वीसेक वर्षांत चर्चच्या मंडळीतलं प्रत्येक मूल तिच्या हाताखालून गेलं होतं. वचन पाठ म्हणून दाखवणाऱ्याला तिच्याकडे शाबासकी नसे. "पोपट बी म्हणतो," ती म्हणे. आठवडाभरात ते वचन जगून दाखवायचं आणि रविवारी सगळ्यांपुढे साक्ष द्यायची. साक्ष पटली की त्या मुलाने एक दगड आणून कडुनिंबाच्या बुंध्याभोवती रचायचा. साक्ष खोटी निघाली तर दगड काढून न्यायचा. अशा दगडांचा आता गुडघाभर उंचीचा पार झाला होता. एकदा एका पोराने भुकेल्याला भाकरी दिल्याची साक्ष दिली आणि चौकशीत तो भुकेला म्हणजे घरची शेळी निघाली. पोरं हसून लोळली. रत्नम्माने तो दगड राहू दिला. "शेळी बी भुकेलीच असती," ती म्हणाली.

खडकावर बांधलेल्या आणि पुरात वाहून जाणाऱ्या वाळूवरच्या घराची बायबलातली गोष्ट ती मांजरा नदीच्या काठावर आणून सांगायची. मागच्याच रविवारी एकाने विचारलं होतं, "अक्का, औंदा तर पानीच न्हाई. मग वाळूवरचं घर बी टिकंल की!" त्यावर ती म्हणाली होती, "पूर पान्याचाच येतो असं न्हाई, बाळा." म्हणताना तिला काय ठाऊक होतं की पूर तिच्याच उंबऱ्यापर्यंत आलेला आहे.

आज मुलं बसली होती. सुवार्ता शेवटच्या रांगेत होती. सातवीतली काटकुळी पोर. आईबाप देगलूरकडचे, दुष्काळात पोटामागे कुठेतरी गेलेले. सुट्टी लागली तरी तिला न्यायला कुणी आलं नव्हतं. तिच्या मांडीवर दगड होता. दोन्ही हातांनी तिने तो धरून ठेवला होता.

रत्नम्माने गाणं सुरू केलं. संपल्यावर दुसरं. ते संपल्यावर तिसरं.

"अक्का, साक्ष?" पुढच्या पोराने आठवण केली.

"आज साक्ष न्हाई."

"का वं?"

"न्हाई म्हणलं की न्हाई!" तिचा आवाज इतका चढला की मुलं गप्प झाली. अशा आवाजात अक्का कधी बोलली नव्हती.

सुवार्ता हळूच उभी राहिली. "अक्का, एक इचारू का? ज्या साक्षीनं आपल्या मान्साचं वाईट व्हतंय, ती बी द्यायाची असती का?"

सगळी पोरं रत्नम्माकडे बघायला लागली. डोळ्यांपुढे शमुवेलचे हात आले. खाकी कपड्यातला, सावलीत स्टुलावर बसलेला शमुवेल आला. पोरगी आपल्या हातचं जेवते, म्हणून विचारते आहे, नाहीतर सरळ बोलून मोकळी झाली असती, हेही तिला कळलं.

"आज ऱ्हाऊ दे, सुवार्ता. खाली बस."

सुवार्ता बसली. लगेच बसली. वर्ग सुटल्यावर ती दगड घेऊन आली. "ह्यो कुठं ठेवू?"

"टाक तिकडं."

तिने तो टाकला नाही. वाकून बाजूला मातीत ठेवला, हात झटकले आणि सुटल्यासारखा श्वास सोडला. तो सुटकेचा श्वास रत्नम्माच्या काळजात रुतला. खरं बोलायचं असतं ते दुसऱ्यांच्या घरचं, हे पोरगी एका सकाळीत शिकली होती. वीस वर्षं दगडावर दगड ठेवला आणि आज हे शिकवलं आपण! रत्नम्माला स्वतःची शरम वाटली, आणि त्याच दमात नवऱ्याची दयाही आली, लेकाची काळजीही वाटली. तिन्हींनी तिला तीन बाजूंनी ओढलं. ती तशीच उपासनेला जाऊन बसली. प्रार्थनेत डोळे मिटले, पण ओठ हलले नाहीत.

उपासना संपली आणि पंच व्हरांड्यात बसले. फाटकाशी पारूबाई आणि वस्तीच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. "काल राती तुमच्यातलं कोन आलतं आत?" एका पंचाने दरडावून विचारलं. पारूबाई लेकरांची शपथ घ्यायला लागली. पंच ऐकेनात. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि शिक्षा वाटसरूला मिळत होती. खांबाला टेकून येसप्पा ते सगळं ऐकत होता.

"ठरलं तर मग," पंच म्हणाला. "उद्यापासून..."

"सुवार्ता," रत्नम्माने हाक मारली. "दगड उचल तुझा."

येसप्पाने चमकून वर पाहिलं. रत्नम्माने त्याच्याकडे बघायचं टाळलं. बघितलं असतं तर तिचे पाय तिथेच थांबले असते. पोरीचा दंड धरून तिने तिला व्हरांड्यापुढे आणलं. "साहेब, आज एका लेकराची साक्ष ऱ्हायली. मीच ऱ्हाऊ दिली. ती ऐका."

सुवार्ताच्या छातीशी दगड होता. "मी पहाटं..." ती एवढंच बोलली आणि येसप्पाकडे बघून थांबली.

"बोल," रत्नम्मा म्हणाली. "भिऊ नको. जेवायला मीच वाढनार हाय तुला. आज बी आन उद्या बी."

मग ती बोलली. गाडी, पिंपं, मागचं फाटक. आणि पिंप भरणारं माणूस कोण, तेही. बोलून झाल्यावर रडायला लागली. पाळकसाहेबांनी विचारलं, "येसप्पा, खरं आहे का हे?"

येसप्पा म्हणाला, "हाव."

त्याने कमरेला हात घातला. पण करदोट्याची गाठ त्याच्या बोटांना सुटेना. बोटं नुसती गाठीवर फिरत राहिली. शेवटी रत्नम्मा पुढे झाली, सगळ्यांदेखत खाली वाकली आणि नखाने तिने ती गाठ सोडवली. किल्ली साहेबांपुढे ठेवली.

"अक्का," सुवार्ताने नाक पुसत विचारलं, "आता ठेवू का दगड?"

"ठेव. वर ठेव, समद्यांना दिसंल असा."

वस्तीचं पाणी बंद झालं नाही. मात्र येसप्पाचा पहारा गेला आणि पहाऱ्याची खोलीही गेली. पाळकसाहेबांनी दुपारी येऊन सांगितलं, "रत्नम्माबाई, तुम्ही राहा. पंचांना मी समजावतो."

"खोली पहारेकऱ्याची हाय, साहेब. नवा मानूस ऱ्हाईल कुठं?" ती म्हणाली आणि भांडी बांधत राहिली.

त्याच दिवशी पारूबाईने वस्तीत एक खोली बघून दिली. संध्याकाळी शमुवेल थेट तिथे आला. त्याला वाटेतच सगळं कळलं होतं. रत्नम्मा तेलाची वाटी घेऊन बसली होती. त्याने हात पुढे केले नाहीत.

"पोरांना शिकवायचं ते बरुबर हाय, आई. पर मी बी तुझं पोरच व्हतो की."

त्यालाही तिने त्याच झाडाखाली शिकवलं होतं आणि त्याचाही एक दगड त्या पारात होता. ती वाटी हातात धरून बसून राहिली. येसप्पाने तिच्या हातातली वाटी घेतली आणि लेकाचा हात आपल्या मांडीवर ओढला. शमुवेलने तो ओढू दिला.

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघंही खडी फोडायला गेले. लातूरच्या नोकरीचं नाव वीरण्णाने पुन्हा काढलं नाही.

रात्रभरात झऱ्यांतून झिरपून विहिरीत पुन्हा पाणी साचलं होतं. रत्नम्मा घागर घेऊन पाण्याला आली. होस्टेलचं काम तिच्याकडेच होतं. थोड्या वेळाने याच फाटकातून ती स्वयंपाकाला आत जाणार होती. पण आत्ता ती रांगेत पारूबाईच्या मागे उभी राहिली. आवारातल्या बायकांनी दोन दोन घागरी भरून नेल्या. काहींनी तिच्याकडे बघितलं, काहींनी कानाडोळा केला.

किल्ली आता माणिकप्पाकडे होती. लहानपणी शेळीला भाकरी देणारा तो हाच. पारूबाईची घागर भरली आणि रत्नम्माची पाळी आली. माणिकप्पा ओशाळला, इकडे तिकडे बघायला लागला. "अक्का, तुमी घ्या की. दोन घ्या."

"इचार," रत्नम्मा म्हणाली.

"तुमाला काय इचारू, अक्का?"

"समद्यांना इचारतोस ते मला बी इचार."

माणिकप्पाने मान खाली घातली. "आतले का बाहेरचे?"

"बाहेरचे," रत्नम्मा म्हणाली आणि दोराला घागर बांधून विहिरीत सोडली. भरलेली ती एक घागर तिने चुंबळीवर चढवली आणि पारूबाईच्या मागोमाग ती फाटकाबाहेर पडली.