शिवणखोलीतली उत्तरं

"हे काय आहे, आजी?" वाचा-उपचाराच्या बाईंनी टॉवेल उचलून विचारलं.

"लाळेरं," सासूबाई म्हणाल्या.

बाईंनी कागदावर फुली मारली. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तीन महिने सासूबाई या पुनर्वसन केंद्रात होत्या. आज वस्तू ओळखता आल्या तर घरी, नाहीतर आणखी तीन महिने इथेच.

"आणि हा?" बाईंनी उशीचा अभ्रा दाखवला.

"पिशवी."

फुली.

"ही चादर?"

"झबली. पाच."

"अहो आई, नीट बघा ना!" मला राहवेना. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच नापास झाले होते. मांडीवरची लेक झबल्याची कड चोखत होती. निळ्या पट्ट्यांचं झबलं, इस्पितळाच्या जुन्या चादरीतून आजीनंच बेतलेलं.

माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला.

"बाई, थांबा! त्यांचं बरोबर आहे."

"सासूची बाजू घेणारी सून! लिहून ठेवते हं," बाई हसल्या.

"तसं नाही हो. आई एकतीस वर्षं इस्पितळाच्या शिवणखोलीत कामाला होत्या. तिथे फाटकं-विटकं कापड यायचं. हातात घेतलं की ते काय आहे हे कुणी बोलायचंच नाही. त्याचं आता काय होणार, ते मोठ्यानं सांगायचं आणि त्या ढिगात टाकायचं. तुमचा टॉवेल धरा बरं उजेडाला."

बाईंनी धरला. पलीकडची अख्खी खिडकी दिसली.

"बरं आजी, याचं आणखी काय होईल?"

सासूबाई सावरून बसल्या. "पायपुसणं. कढई... धरायला. बाहुलीची गादी. शेकायची... पुरचुंडी. दार वाजतं ना... त्याच्या फटीत."

शब्द अडखळत होते, पण थांबत नव्हते. तीन महिन्यांत एवढं बोलणं मी ऐकलं नव्हतं. कागदावरचा उत्तराचा चौकोन भरला, बाईंनी कागद उलटा केला.

"पुरे आजी, हात दुखला माझा!"

"तुमचे... दोन आहेत. माझा एकच... चालतो."

आम्ही तिघीही हसलो. आम्ही हसतोय म्हणून लेकही.

"पण नावं येतात का, तेही मला लिहायचंय," बाई म्हणाल्या आणि आपल्या पांढऱ्या कोटाची उसवलेली बाही त्यांनी पुढे केली. "मग हा?"

सासूबाईंनी डाव्या हातानं कापड चिमटीत चोळलं. वितीनं मापलं. आता चार रुमाल निघणार!

"कोट," त्या म्हणाल्या. "अजून... कोटच आहे."

आणि माझ्यापुढे तळहात पसरला. "सुई."