चार बोटं

"चार बोटं कमी पडतंय," मास्तर म्हणाले.

मेहुणी दारातच थबकली. पांढरं कापड तिनं नुकतंच शिलाई मशीनवर ठेवलं होतं. मोठ्या पन्ह्याचं, चांगलं तीन मीटर. आतल्या खोलीत तिची ताई, म्हणजे मास्तरांची बायको, पलंगावर शेवटची निजली होती आणि चर्चमधल्या दोन बायका तिचे केस विंचरत होत्या. दुपारी चारला दफन होतं.

"भावजी, ताईचा झगा आहे हा," मेहुणी म्हणाली.

"हो, पण उंचीला जरा..."

"मग तुमच्या पेट्यांतलं काढा की. तिथं पांढऱ्याचा काय दुष्काळ आहे?"

मास्तरांनी मान खाली घालून खडू उचलला. "बघतो. बसवतो ह्यातच."

'चार बोटं कमी' हे आपण कुणाला म्हणालो ते त्यांच्या ध्यानातच आलं नाही. चाळीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हेच सांगत आले होते. कोट असो, पडदे असोत, नाहीतर शाळेचा गणवेश, "चार बोटं जास्तच आणा, मागाहून माझ्या नावानं बोंब नको." माणूस जास्त आणायचा. कपडा झकास व्हायचा, कारण मास्तरांच्या हातात कला होती. उरलेलं कापड कुठं गेलं हे विचारायची कुणाची टाप नव्हती. विचारलंच तर मास्तर टेप गळ्यात अडकवून म्हणायचे, "बेतण्यात जातं. तुम्हाला काय कळणार?" गल्लीनं त्यांचं नाव चारबोटे ठेवलं होतं. एकदा पत्रावरही तेच नाव आलं, आणि पत्र बिनबोभाट पोचलं.

बेतण्यात काही जात नव्हतं. सगळं पेट्यांत जात होतं. पलंगाखाली, माळ्यावर, जिन्याखाली मिळून सात लोखंडी पेट्या होत्या. त्यांत लोकरीचे, रेशमाचे, सुती तुकडे घडी घालून ठेवलेले. मास्तरांनी त्यातलं कधी काही विकलं नाही की वापरलं नाही. रविवारी उपासनेहून घरी आलं की ते एक पेटी उघडायचे, वरच्या घड्यांवरून हात फिरवायचे आणि पुन्हा कुलूप लावायचे. तासाभरापूर्वी याच माणसानं लोभापासून सुटका मागत आमेन म्हटलेलं असायचं, तेही सगळ्यांत मोठ्यानं.

बायको मिशनच्या दवाखान्यात आया होती. बाळंतिणींच्या वॉर्डात बत्तीस वर्षं काढली तिनं.

"आज एक आली, बाळाला गुंडाळायला वर्तमानपत्र घेऊन," ती सांगायची. "एक पेटी उघडा हो. झबल्याला लागतं किती? वीतभर."

"असू दे. कामाला येईल."

"कुणाच्या?"

मास्तर पेटीचं कुलूप ओढून बघायचे. घरात मूल नव्हतं. पुढे तिनं मागणं सोडलं आणि स्वतःचे झगे फाडून झबली शिवायला घेतली. म्हणून तर ती गेली तेव्हा कपाटात धड एक झगा निघाला नाही, आणि मेहुणीला सकाळी सकाळी कापड आणायला धावावं लागलं.

झगा तीनला तयार झाला. गळा सुरेख बसला होता, बाह्यांवरच्या चुण्या एकसारख्या होत्या. पण चर्चमध्ये शवपेटीचं झाकण बाजूला केलं आणि पुढच्या बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. झगा आखूड होता. पावलं उघडी होती. बत्तीस वर्षं वॉर्डाच्या गार फरशीवर फिरून भेगाळलेल्या त्या टाचा सगळ्या मंडळीसमोर उघड्या पडल्या होत्या. "बाई गं, चारबोट्यानं हिलाही सोडलं नाही," कुणीतरी पुटपुटलं. मास्तरांना ते ऐकू आलं.

मेहुणी उठली. थंडीचे दिवस होते आणि तिच्याकडे एकच लोकरीची शाल होती. ती तिनं खांद्यावरून काढून ताईच्या पावलांवर पसरली, नीट खोचली आणि जागेवर येऊन बसली. ती शाल तशीच मातीत गेली.

घरी येऊन मास्तरांनी सदरा काढला तेव्हा खिशात काहीतरी मऊ लागलं. पांढरी पट्टी होती. चार बोटं रुंद, व्यवस्थित घडी घातलेली. हाताला सवय होती, मला कळलंच नाही, असं त्यांनी पुढे पाळकसाहेबांना सांगितलं. हात कापतो हे खरं. पण घडी घालून खिशात ठेवायला माणूस लागतो, आणि हे मास्तरांनाही कळत होतं.

पाळकसाहेब आठवड्यानं भेटायला आले. मास्तरांनी पट्टी त्यांच्यासमोर ठेवली.

"माझ्यासाठी प्रार्थना करा, साहेब. लोभाचं पाप आहे हे."

"करीन की." पाळकसाहेबांनी चहाचा घोट घेतला. "पण पेट्यांना कुलूप ठेवून प्रार्थना करायची म्हणजे देवालाच बनवणं झालं. परत द्या ज्याचं त्याला."

"चाळीस वर्षांचं कसं देऊ? कुणाचं काय ते मलाच आठवत नाही."

"मग ज्याच्याकडे काहीच नाही त्याला द्या. कुणाला ते तुमच्या बायकोनं सांगूनच ठेवलंय."

मास्तरांनी पट्टीची घडी पुन्हा सारखी केली. मग खरं ते बोलले. "लोक कापड ओळखतील, साहेब."

"ओळखतील ना," पाळकसाहेब म्हणाले आणि कप खाली ठेवला. "त्याशिवाय फुकटातच सुटाल."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सातही पेट्या उघडल्या. वरच्या घड्या नीट होत्या. खाली हात घातला तर कापडाचा भुगा हाताला आला. लोकरीला कसर लागली होती, रेशीम घडीवर तुटत होतं. ज्याच्यासाठी चाळीस वर्षं इमान विकलं त्यातलं निम्मं किड्यांनी खाल्लं होतं, आणि किड्यांनी निदान खाल्लं तरी. मास्तर जमिनीवर बसून रडले. बायकोसाठी रडले की कापडासाठी, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग ते शिवायला बसले. गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवून सहा आठवडे त्यांनी नुसती झबली शिवली. छातीला काय माप घ्यायचं हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटी बायकोनं शिवलेलं एक जुनं झबलं उशीच्या अभ्र्यात सापडलं, ते समोर ठेवून बेतलं. एकशे वीस झबली झाली.

बोचकं पाठीवर घेऊन ते दवाखान्यात गेले तेव्हा थंडी अजून सरली नव्हती. मेहुणी त्याच वॉर्डात नर्स होती. शालीवाचून ती पांढऱ्या गणवेशात दंड चोळत उभी होती. तिनं बोचकं सोडलं आणि त्यातली झबली बाळांना घालायला घेतली.

हेडमास्तरीणबाई आपल्या नातवाला बघायला आल्या होत्या. शेजारच्या खाटेवरचं बाळ बघून त्या थांबल्या. "हा माझा कोट!" त्या ओरडल्या. "ह्या निळ्या चौकटी मी जन्मात विसरणार नाही. कापड पुरलं नाही म्हणून ह्यानं मला कोट बिनखिशाचा दिला होता!" मग पुढची खाट, त्यापुढची. एकाच्या अंगावर बँड मास्तरचा लाल गणवेश, एकाच्या अंगावर चर्चचे पडदे, एकाच्या अंगावर खुद्द पाळकसाहेबांचा काळा झगा. अर्ध्या गावाचं चोरलेलं कापड तिथं ओळीनं रडत होतं.

"काय हो मास्तर, हे बेतण्यात गेलेलं का?" बाईंनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "चोरलं होतं."

बाई तरातरा निघून गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पोचणार होती आणि दुकानात पुन्हा कुणी कापड टाकणार नव्हतं हे मास्तरांना कळून चुकलं.

बोचक्याच्या तळाशी मेहुणीला पांढरी पट्टी सापडली. तिनं ती उलगडून तिच्यावर आपली चार बोटं ठेवली. बरोबर चारच बसली.

"हे ताईचं."

"सगळं द्यायचं ठरवलं होतं. म्हणून तेही आणलं."

"पावलं उघडी होती तिची, भावजी. सगळ्यांदेखत." तिचा आवाज चढला नाही. "झबली घेते मी. ती ताईनं मागितली होती. हे नाही घेणार. ह्याची माफी माझ्याकडं नाही."

तिनं पट्टीची घडी घातली आणि मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्याच खिशात.

मास्तर वळले. दाराशी त्यांनी अंगातला कोट काढला. जाड लोकरीचा, गुडघ्याखाली येणारा. आयुष्यात एकाच कपड्यातलं कापड त्यांनी काढून ठेवलं नव्हतं, आणि तो हा, स्वतःचा. त्यांनी तो दाराजवळच्या खुर्चीवर ठेवला.

"भावजी, कोट राहिला!"

"तुझ्यासाठी आहे," ते म्हणाले. "शाल गेली ना तुझी."

मेहुणीनं कोट उचलला. खांद्यावर घेतला नाही. कोपऱ्यातल्या खाटेवर सकाळी आलेली एक बाई कुडकुडत झोपली होती. दवाखान्याची चादर बाळाला गुंडाळून तिचे पाय उघडे राहिले होते. मेहुणीनं कोट तिच्या पायांवर पसरला आणि चारी बाजूंनी खोचला.

नुसत्या सदऱ्यात मास्तर दाराबाहेर उभे राहून बघत होते. कोट चांगला लांब होता. पाय झाकून वर चार बोटं उरला.