आवाज बाहेर जायला नको

माझा दादा गोडबोल्या. त्यानं पाठीवरून हात फिरवला की समजावं, आता पाठीवर ओझं येणार. मला हे परकर-पोलक्यात असल्यापासून ठाऊक आहे, बाबांना सत्तरीतही कळलं नाही.

बाबांचा धंदा खोल्या आवाजबंद करायचा. रेकॉर्डिंगच्या खोल्या, कान तपासायच्या खोल्या, सिनेमागृहं. भिंतीला कान असतात म्हणतात ना, बाबांनी जन्मभर ते कान बुजवले. धंद्यातले लोक त्यांना बूचमास्तर म्हणायचे आणि त्यांना ते आवडायचंही. भिंतींच्या पोटात काचेचा कापूस भरता भरता थोडा त्यांच्या छातीतही गेला. आता खोकल्याची उबळ आली की लवकर थांबत नाही.

आई गेल्यावर बाबा दादाकडे राहायला आले. कॉट दिवाणखान्यात टाकली, दाराशी. ती जागा त्यांनीच मागून घेतली, कारण तिथून सगळ्या घराचा वावर ऐकू येतो. नुसत्या पावलांवरून ते माणूस ओळखायचे. नातींची भांडणं, कुकरच्या शिट्ट्या, वहिनीचं फोनवरचं हसणं, सगळं त्यांना हवं असायचं. म्हातारपणी या गलबल्यात पडून राहायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

दादाचं काम घरूनच, दिवसभर मीटिंगा. ऐन बोलण्यात बाबांची उबळ यायची. वहिनीच्या कपाळाला आठ्या. एक दिवस दादा बाबांजवळ येऊन बसला आणि म्हणाला, मागची खोली आवाजबंद करून द्याल का, तुमच्या हातचं काम घरात असावं असं फार वाटतं. बाबा फुलून गेले. गिऱ्हाइकाला विचारायचे तसं त्यांनी विचारलं,

"आवाज आत यायला नको, की बाहेर जायला नको?"

"बाहेर जायला नको," दादा म्हणाला.

आत कोण बसणार, हे बाबा कुणालाच विचारत नसत. आपल्याला काय करायचंय लोकांच्या भानगडींशी, आवाज कुठून निसटतो तेवढं बघावं, हा त्यांचा नियम. पोटच्या पोरालाही त्यांनी विचारलं नाही. दादा आत बसून मीटिंगा घेणार असं ते धरून चालले, आणि मीही.

मग काय, म्हातारा पेटलाच. जुन्या भिंतीला कुठंही न टेकवता आत दुसरी भिंत उभी केली, मधे कापूस भरला. दाराच्या चारी कडांना रबर. हवेच्या वाटेला वळणं देऊन आतून अस्तर लावलं. बटणांच्या पेटीमागची फटसुद्धा सोडली नाही. मुंगी जाईल एवढी फट राहिली तर हत्तीएवढा आवाज बाहेर पडतो, असं सुताराला सारखं ऐकवत होते. मी म्हटलं, बाबा, घरचंच काम आहे, किती जीव काढाल? म्हणाले, घरचं आहे म्हणूनच.

त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. काम झालं की मास्तरनं आत जायचं, दार लावायचं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं. गिऱ्हाईक बाहेर उभं. त्याला काही ऐकू आलं नाही, की काम पास. बाबा आत गेले. आम्ही बाहेर उभे राहिलो. हूं नाही की चूं नाही. दादानं तर दाराला कान लावून पाहिला. बाबा घामाघूम होऊन बाहेर आले, पण तोंडावर काय आनंद होता. दादानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"वा बाबा. आता तुमची कॉट इथं टाकू. मनसोक्त खोका, कुणाला त्रास नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केसानं गळा कापलास म्हटलं, आणखीही नको नको ते बोलले. दादाचं आपलं एकच, स्वतंत्र खोली दिली, एसी दिला, आणखी काय हवं? एवढा पुळका असेल तर घेऊन जा, असं वहिनी म्हणाली. मी खरंच बाबांना माझ्याकडे चला म्हटलं. ते नुसते दाराकडे बघत राहिले. राहू दे गं, म्हणाले, चांगली झालीय खोली. मी निदान एक बेल तरी लावायला सांगितली. लावतो म्हणाला दादा. अजून लावतोच आहे.

परवा दुपारी मी दादाकडे गेले. कॉटच्या जागी दादाचं टेबल आलंय. वहिनी म्हणाली, बाबा झोपलेत वाटतं, काही आवाज नाही. बाबांना एकट्याला ओढवत नाही असं ते जड दार मी ओढलं आणि बाबांचा आवाज एकदम अंगावर आला. कॉटवर उठून बसले होते, मानेच्या शिरा ताणलेल्या, पाणी पाणी करत होते. उशाशी तांब्या रिकामा. मी धावत जाऊन पाणी आणलं. त्यांचा घसा पार बसला होता. कधीपासून हाका मारताय, म्हणून विचारलं.

"सकाळपासून," ते म्हणाले. "कुणी आलं नाही."

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं, हळूहळू उठून दारापर्यंत आले आणि कडेच्या रबरावरून बोट फिरवलं. कुठंही उचकटलेलं नव्हतं.

"गिऱ्हाइकाला सांग," बाबा म्हणाले, "काम पास आहे."