चिमण्यांचा झुपका

गॅरेजचं ऑटोमॅटिक शटर अर्ध्यावर यायचं आणि परत वर जायचं. मी रिमोटचे सेल बदलले, रुळांना ग्रीस लावलं, मिस्त्रीला फोनवर शिव्या घातल्या. मग, मधे काही आलं की शटर परत वर नेणाऱ्या, कमरेएवढ्या उंचीवरच्या सेन्सरकडे लक्ष गेलं. डोक्याएवढ्या उंचीवर बांधलेला नव्या धानाच्या लोंब्यांचा लांब झुपका त्याच्या अगदी समोर लोंबत होता. दरवर्षी धान कापल्यावर चिमण्यांसाठी तो दारावर, उंच बांधतात.

"आई, इतक्या खाली काऊन बांधला?" मी खेकसलो.

"वर माझा हात नाही पुरत. दरसाल तुझे बाबूजीच बांधत."

बाबूजींना जाऊन चार महिने झाले होते. मी झुपका सोडला आणि तो उंच बांधायला स्टूल आणून वर चढलो.

आई खालून बघत राहिली. म्हणाली, "त्यायले स्टूल नाही लागे."