पलंगाच्या जागी होडी

"ओत अजून," पप्पा म्हणाले, आणि मी आणखी एक बादली होडीत रिकामी केली.

होडी आमच्या गोवंडीच्या खोलीत, पलंग होता त्या जागी उभी होती. पलंग मोडून त्याच्याच पट्ट्या तिला लावलेल्या. पाण्यात सोडायच्या आधी होडीतच पाणी भरून गळती बघायची, ही पप्पांची शक्कल. जन्मभर लोकांची कपाटं बनवलेला जालन्याकडचा माणूस, त्याचं होडीशी काय घेणंदेणं? पण शीडसुद्धा होतं, वाढदिवसाच्या एका फ्लेक्सचं, त्यावर कुणा भाऊंचा हसरा चेहरा उलटा. वल्ही मारायला ताकद लागते, वारा फुकटात ओढतो, असं त्यांचं म्हणणं. गल्लीत वारा कुठून येणार?

दोन हजार पाचच्या सव्वीस जुलैच्या पुरात आई गेली. तिने मला माळ्यावर चढवलं आणि ती खालीच राहिली. पप्पा मुलुंडला कुणाच्या तरी कपाटाला बिजागऱ्या लावत अडकले होते. नंतरही ते कपाटंच बनवत राहिले. यंदा पावसाळा जवळ येताच मात्र त्यांची झोपच उडाली. उठून तळहाताने फरशी चाचपायचे, ओली आहे का बघायला. मला पाण्याची नाही, त्यांची भीती वाटू लागली. मी हॉस्पिटलात डायलिसिसच्या ड्यूटीवर असताना हा माणूस घरात काय करून बसेल, म्हणून मी तासातासाला शेजारणीला फोन करायचे. डॉक्टर म्हणाले, हात कामात ठेवा. म्हणून त्यांनी प्लायवूड मागितलं तेव्हा मी मुकाट्याने आणून दिलं, लाकडावर पॉलिशपेपर घासला, फळ्या धरल्या. होडी झाली की शांत झोपतील, एवढीच माझी आशा होती.

तळाचा सांधा करकरला. पाण्याची धार फुटली आणि फरशीवरून शेगडीकडे निघाली. कपाटाचा पांढरा गोंद पाण्यात कसा टिकणार? मला हसूच आलं. "पप्पा, गोंद चुकला बघा," म्हणत मी वळले.

पाणी त्यांच्या अंगठ्याला लागलं होतं. चेहरा पांढराफटक पडला होता. काही कळायच्या आत त्यांनी मला कमरेला धरून उचललं आणि होडीत ठेवलं.

"बस. हलायचं न्हाई."

मांडीपर्यंत गार पाणी. त्यांचे दोन्ही हात होडीच्या काठावर आवळलेले. इतकी मी माळ्यावरही घाबरले नव्हते.

"पप्पा, हे बादलीचं पाणी आहे. आत्ता आपणच ओतलं ना."

त्यांना ऐकूच जात नव्हतं. ते दाराच्या उंबऱ्याकडे बघत होते. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारणीने पापड वाळत घातले होते.

मी आवाज खाली आणला. "बरं, मग तुम्ही पण या आत."

तेव्हा ते माझ्याकडे वळले. माप घ्यावं तसं त्यांनी होडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"न्हाई मावत," ते म्हणाले. "एकाच माणसाची बनवलीय."

मी पाय पोटाशी घेतले, सरकून जागा केली. त्यांनी ती पाहिली, आणि होडी दोन्ही हातांनी धरून तसेच उभे राहिले.