दहावं मत

"घे गं, लाजू नकोस," म्हणत ओडेसाने तळलेल्या माशाचा मोठा तुकडा व्हर्डेलच्या ताटलीत वाढला. चर्चच्या आवारात मासे तळून विकण्याचा हा सगळा खटाटोप ओडेसाच्या मुलाच्या, क्लेव्हनच्या अपिलासाठी पैसे जमवायला चालला होता. लुइझियानात त्या काळी ज्यूरीतल्या बारांपैकी दहा जणांनी दोषी म्हटलं की पुरे होई. क्लेव्हनला तशीच जन्मठेप झाली. कुणी काय मत दिलं ते कोर्टाने सांगितलं नाही, नुसता आकडा वाचला, दहा विरुद्ध दोन.

ज्यूरीत काळी माणसं दोनच होती, शाळेच्या स्वयंपाकघरात राबणारी व्हर्डेल आणि एक म्हातारी. तेव्हा ती दोन मतं कुणाची, हे गावाने परस्पर ठरवून टाकलं. काळ्या वस्तीने व्हर्डेलला डोक्यावर घेतलं, गोऱ्यांनी नाकं मुरडली.

खरं काय ते व्हर्डेलच जाणे. बंद खोलीत 'दोषी'ची नऊ मतं जमली आणि सगळे तिच्याकडे बघायला लागले. "तुम्ही काय, आपल्याच माणसाची बाजू घेणार," ज्यूरीचा म्होरक्या हसत म्हणाला होता. साक्षीदाराने अंधारात चेहरा ओळखला, यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण रंग बघून मत दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तिने चिठ्ठीवर 'दोषी' लिहून दिलं. त्या क्षणाची तिला शिसारी येत होती.

तेवढ्यात पंप दुरुस्त करणारा गोरा आर्सेनो रांगेत येऊन उभा राहिला. त्या म्हातारीबरोबर शेवटपर्यंत 'निर्दोष' म्हणून अडून बसलेला तो हाच. गिऱ्हाइकं तुटतील म्हणून त्यानेही बाहेर चकार शब्द काढला नव्हता.

ओडेसाने झारा खाली ठेवला. "तुमच्यासारख्यांनीच माझं पोर आत घातलं. आता इथं कशाला आलात?"

आर्सेनोने टोपी काढली. एकवार व्हर्डेलकडे पाहिलं आणि फाटकाकडे चालू लागला.

व्हर्डेल उठली. "ओडेसा, अगं, तो..."

"त्याचं नाव नको काढूस." ओडेसाने तिचे दोन्ही हात धरले. "तुला तिथं बसलेली बघून क्लेव्हनला धीर आला, म्हणतो. तू होतीस ना गं त्याच्या बाजूने?"

फाटकापाशी आर्सेनो थांबला होता.

"होते," व्हर्डेल म्हणाली.