तत्पर उत्तर

माणसाने माणसाशी बोलावं, यासाठीच संस्कृतीचा सगळा खटाटोप चालत आला आहे, असं साहेबांच्या सादरीकरणाच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं. दुसऱ्या पानापासून माणसाला बोलायची गरजच पडू नये, यासाठी काय काय करायचं याचं वेळापत्रक होतं.

ते वेळापत्रक अंमलात आणण्याची जबाबदारी तिची. कंपनीच्या मेसेजच्या ॲपमध्ये नवी सोय येणार होती. आलेल्या मेसेजला आपण लगेच उत्तर दिलं नाही, तर आपल्या जुन्या मेसेजवरून आपली ढब उचलून ॲपच उत्तर देणार. लिहिता लिहिता आपण थबकलो, तर वाक्य पुरं करून धाडणार. समोरच्याला अर्थातच पत्ता लागणार नाही. सोयीचं नाव 'तत्पर'. बाहेरच्या जगाला त्रास नको म्हणून कंपनी नवी सोय आधी आपल्याच माणसांच्या फोनवर सोडत असे. त्यामुळे सकाळपासून तत्पर तिच्या फोनमध्ये मुक्कामाला आलं होतं. आणि गप्पांच्या ॲपविषयी गप्पा मारताना लक्ष विचलित होऊ नये म्हणून सगळ्यांचे फोन बैठकीच्या खोलीबाहेर एका ट्रेमध्ये पडले होते.

बैठक संपली. तिने फोन उचलला. बाबांचा मेसेज होता.

'बाळ, गिऱ्हाईक आलंय. घर देऊन टाकावं म्हणतो. जिना आता झेपत नाही. पण तू नको म्हणालीस तर नको.'

त्याखाली तिचं उत्तर होतं. 'वा बाबा! उत्तम निर्णय. मी तुमच्या पाठीशी आहे.'

'वरच्या खोलीत तुझं सामान आहे गं.'

'जुन्या गोष्टींचा मोह किती धरायचा बाबा?'

नोकरीचा वीट आला की त्या वरच्या खोलीत जाऊन राहायचं, हे तिने कधीच पक्कं केलं होतं. बाबांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

तिने फोन लावला. बाबांच्या कानांनी कधीच रजा घेतली होती. "ऐकू येत नाही, लिही!" असं खणखणीत सांगून त्यांनी फोन ठेवला.

ती लिहू लागली. 'बाबा, घर विकू' इथवर आली आणि पुढचा शब्द शोधत थांबली. तत्परने हात दिला. 'बाबा, घर विकून टाका, मोकळे व्हा.'

तिने घाईघाईने नुसतं 'नको' लिहून पाठवलं. पण लोक फार तुसडं लिहितात, म्हणून एकशब्दी उत्तर प्रेमळ करून पाठवायचं, हीसुद्धा तिचीच कल्पना. बाबांना पोचलं, 'नको ती काळजी बाबा, सही करून टाका.'

ती धावत चाचणीवाल्याच्या टेबलापाशी गेली. प्रत्येक गोष्टीत खोट काढतो म्हणून त्याला सगळे शंकासुर म्हणत.

"हे बंद कुठून करायचं?"

"होत नाही," शंकासुर म्हणाला. "बटण पुढच्या आवृत्तीत आहे. आधी लोकांना सवय लागू दे, असं तुम्हीच म्हणालात."

"अरे, सर्व्हरवरून काढ ना!"

"साहेबांची मंजुरी लागते. साहेब विमानात बसलेत."

"मग तुझा फोन दे इकडे!"

"माझ्या फोनवर ती सोय नाही," शंकासुर फोन देत म्हणाला. "मी आधीच नाही म्हटलं होतं. मला शंका होती."

त्याच्या फोनवरून तिने एका दमात लिहिलं, 'बाबा, मी तुमची मुलगी. घर विकू नका. सही करू नका.' गेलं. दोन खुणाही उमटल्या. तिने सुटकेचा श्वास सोडला.

तोच तिचा स्वतःचा फोन वाजला. 'बाळ, कोणी भामटा तुझं नाव सांगून घर विकू नका म्हणतोय. तू शिकवल्याप्रमाणे मी त्याला उत्तरच दिलं नाही.'

ती हां हां म्हणेपर्यंत तत्परने लिहून टाकलं. 'शाब्बास बाबा! त्याला ब्लॉक करा.'

"केलं," आपल्या फोनवरून बाबांचा फोटो गेलेला बघत शंकासुर म्हणाला. "चपळ आहेत हो तुमचे वडील."

ती त्याच्या बाजूच्या खुर्चीत बसली. आता लिहावं तर ते गोड होऊन जाणार, न लिहावं तरी ते जाणारच. शंकासुराने पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती नुसती हातात धरून ठेवली.

जरा वेळाने मेसेज आला. 'सही झाली. तू नको म्हणशील असं वाटलं होतं, म्हणून इतके दिवस विचारलं नव्हतं. आज किती मोकळं बोललीस! दर वेळी नुसतं हं, हो, बघू लिहितेस. बरं वाटलं.'

ते मी नव्हते, असं लिहायला तिने फोन उचलला. 'ते' लिहिलं. मग वरचं 'बरं वाटलं' पुन्हा वाचलं आणि तिचं बोट थबकलं.

'ते तर माझं कर्तव्यच आहे बाबा,' असं उत्तर गेलं.

पुढच्या महिन्यात कंपनीने तत्पर काढून टाकलं. त्याने बॅटरी लवकर उतरत होती.